हाल्डेन की कोसंबी?

गव्हाच्या किंवा भाताच्या नव्या वाणावर काम करणारे संशोधक संगणकावर जनुकांचा नकाशा काढायला बसतात, तेव्हा त्यांना सुरुवातीलाच एक निवड करावी लागते. जनुकांमधले अंतर हाल्डेनच्या सूत्राने मोजायचे की कोसंबींच्या? बरेच जण कोसंबी निवडतात आणि कामाला लागतात. हे कोसंबी म्हणजे प्राचीन भारताच्या इतिहासावर लिहिणारे, कार्ल्याच्या लेण्यांभोवती पायपीट करणारे पुण्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी, हे त्यांतल्या अनेकांच्या गावीही नसते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना जनुकांची गोष्ट सांगितली, तर तेही तितकेच चकित होतात.

कोसंबींचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे गाढे अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठातल्या कामासाठी ते अमेरिकेला गेले, तेव्हा 1918 मध्ये अकरा वर्षांच्या दामोदरला सोबत घेऊन गेले. शाळा तिथेच झाली, पुढे हार्वर्डही. तिथे या मुलाने गणिताबरोबर इतिहास आणि युरोपीय भाषांचे वर्गही भरमसाट घेतले. जॉर्ज बर्कहॉफ हे त्या काळातले मोठे गणिती. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला सगळा जीव गणितातच ओतण्याचा सल्ला दिला. तो त्याने मानला नाही. तरीही 1929 मध्ये तो सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला आणि भारतात परतला. डॉक्टरेट कोसंबींनी पुढेही कधी केली नाही.

आधी बनारसला आणि मग अलीगढला त्यांनी गणित शिकवले. अलीगढला आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणिती त्यांचा सहकारी होता. त्याच्या सांगण्यावरून कोसंबींनी 1931 मध्ये एक शोधनिबंध लिहिला आणि त्यात बुर्बाकी नावाच्या, कधी अस्तित्वातच नसलेल्या रशियन गणितज्ञाचा हवाला दिला. एका सहकाऱ्याची खोड काढायची, एवढाच हेतू. पुढे फ्रान्समधल्या नामवंत गणितज्ञांच्या गटाने हेच टोपणनाव घेऊन ग्रंथांची मोठी मालिका काढली. गंभीर गणिती नियतकालिकात या नावाचा पहिला उल्लेख आढळतो, तो कोसंबींच्या या चेष्टेत.

1933 मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि बारा वर्षे तिथे राहिले. त्यांच्या कामाला खरा बहर आला तो याच काळात. वर्गात गणित शिकवणारे कोसंबी घरी मात्र आहत नाणी घेऊन बसत. चांदीच्या पत्र्याचे तुकडे करून त्यांवर ठसे मारलेली ही आपल्याकडची सर्वांत जुनी नाणी. त्यांवर ना राजाचे नाव, ना साल. सूर्य, डोंगर, प्राणी अशी चिन्हे तेवढी दिसतात. कोणते चिन्ह कोणत्या राजाचे, यावर विद्वानांचे वाद चालत आणि ते बहुतेक अंदाजावरच असत.

कोसंबींनी चिन्हांच्या जोडीला तराजू आणला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एका व्यवहारात जाणारी चांदी नगण्य, पण वर्षानुवर्षे फिरलेल्या नाण्यात तो फरक मोजता येतो. एखादे नाणे घेऊन काहीच कळत नाही, कारण टाकसाळीतून निघतानाही वजनात थोडे कमीजास्त असतेच. शेकडो नाण्यांचा साठा हाती आला, की सरासरी बोलू लागते. जुन्या गटाची सरासरी खाली येते आणि गटातल्या नाण्यांमधली तफावत वाढते. हा तर्क आधी पारखून घ्यावा म्हणून त्यांनी स्वतःच्या काळातली, साल छापलेली, चलनातली नाणीही वजन करून पाहिली. झीज नियमाने होते, हे दिसले. मग ते तक्षशिलेत सापडलेल्या हजाराहून अधिक नाण्यांकडे वळले. नाण्यांच्या मागच्या बाजूच्या बारीक खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी, असे आढळले. म्हणजे ठरावीक काळाने कुणीतरी नाणी तपासून त्यांवर खूण करत असले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष. नाव नसलेल्या राजांची क्रमवारी लावण्याचा एक मार्ग असा वजनकाट्यातून निघाला.

जनुकांचे कामही याच वर्षांतले, आणि त्यासाठी त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. बीजपेशी तयार होताना आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रे आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन जनुके जवळ असली, तर ती बहुधा एकत्रच पुढे जातात. लांब असली, तर त्यांची ताटातूट होण्याची शक्यता वाढते. किती संततीत ताटातूट झाली, हे मोजून दोन जनुकांमधले अंतर काढता येते. अडचण अशी, की दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि मोजणीत काहीच झाले नाही असे दिसते. म्हणून कच्च्या आकड्यात दुरुस्ती करावी लागते.

जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1919 मध्ये अशी दुरुस्ती सुचवली होती. प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र असते, असे त्यांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात एका जागी अदलाबदल झाली, की तिच्या शेजारी दुसरी होणे अवघड जाते. हा अडथळा जवळ जास्त आणि दूर गेल्यावर कमी होत जातो, हे कोसंबींनी सूत्रात बसवले. त्यांचा शोधनिबंध 1944 मध्ये लंडनच्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात आला. तो अवघा चार पानांचा आहे. फरक किती पडतो? 30 टक्के संततीत जनुकांची ताटातूट दिसली, तर हाल्डेनच्या सूत्राने त्यांच्यातले अंतर सुमारे 46 एकक येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे 35. पिकातला रोगप्रतिकारक गुण गुणसूत्रावर कुठे आहे, किंवा एखाद्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालणाऱ्या आजाराचे जनुक कुठे लपले आहे, हे शोधताना हा फरक लहान नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, 1943 मध्ये, त्यांनी भारतातल्याच एका गणिती नियतकालिकात आणखी एक काम छापले होते. सतत बदलणाऱ्या आणि गुंतागुंतीच्या माहितीतून मोजक्या मूळ आकृत्या वेगळ्या काढायची ती रीत. आज हृदयाच्या आलेखातली माहिती आटोपशीर साठवण्यापासून चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणांपर्यंत ती वापरली जाते. मात्र तिला नाव मिळाले ते कार्हुनेन आणि लोएव्ह या दोन युरोपीय गणितज्ञांचे, ज्यांनी ती नंतर स्वतंत्रपणे मांडली. युद्धाच्या धामधुमीत भारतातले नियतकालिक बाहेर कोण वाचणार?

संस्कृतकडे ते वळले ते भाषा नीट यावी म्हणून. सरावासाठी भर्तृहरी घेतला आणि त्याच्यातच अडकले. प्रत्येक हस्तलिखितात श्लोक वेगळे, क्रम वेगळा. त्यांनी पावणेचारशेच्या आसपास हस्तलिखिते तपासली, त्यांचे गट पाडले आणि सगळीकडे टिकून राहिलेले सुमारे 200 श्लोक वेगळे काढले. 1948 मध्ये ही चिकित्सक आवृत्ती निघाली. नाण्यांचा साठा काय किंवा पोथ्यांचा, त्यांचा हात सारखाच चालत होता: आधी सगळा माल गोळा करायचा, मग मोजायचे आणि त्यानंतरच बोलायचे.

होमी भाभांच्या निमंत्रणावरून 1945 मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. घर पुण्यातच होते. ‘डेक्कन क्वीन’ने रोज जायचे आणि यायचे. सुट्टीच्या दिवशी पुण्याभोवतालच्या टेकड्या. तिथे अश्मयुगातली गारगोटीची बारीक हत्यारे सापडत. ती कुठल्या पाऊलवाटांवर मिळतात, त्याच वाटांवर शेंदूर लावलेल्या देवींची ठाणी का आहेत आणि लेणीही त्याच मार्गांवर का कोरली गेली, याची ते नोंद ठेवत. 1956 मध्ये त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा ग्रंथ आला आणि राजांच्या याद्यांपलीकडे शेती, हत्यारे आणि व्यापार यांच्याकडे पाहण्याची दिशा अनेक अभ्यासकांना मिळाली. गणित विभागात मात्र प्राध्यापकाने देवीच्या ठाण्यांवर वेळ घालवणे सर्वांनाच रुचत होते असे नाही.

त्यांच्याकडून मोठी चूक झाली ती त्यांच्या स्वतःच्या घरात, गणितात. अविभाज्य संख्यांबद्दलचे रीमानचे अनुमान 1859 पासून अनुत्तरित होते. ते संभाव्यतेच्या मार्गाने सिद्ध केल्याचा दावा कोसंबींनी 1959 मध्ये केला, तोही कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. अविभाज्य संख्यांच्या तज्ज्ञांकडून आधी कसून तपासणी करून घेण्याची ती वेळ होती. सिद्धता टिकली नाही आणि त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला जबर धक्का बसला. नाण्यांच्या बाबतीत स्वतःच्या तर्काची इतकी कठोर परीक्षा घेणाऱ्या माणसाने इथे घाई करावी, हे आजही खटकते.

त्यातच भाभांशी मतभेद वाढत होते. देशाचे अणुऊर्जेचे धोरण भाभा आखत होते, आणि त्यांच्याच संस्थेतले कोसंबी 1960 मध्ये पुण्यातल्या एका व्याख्यानात भारताने सौरऊर्जेकडे वळावे असे जाहीरपणे सांगत होते. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. त्यानंतर अविभाज्य संख्यांवरचे काही शोधनिबंध त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावाने छापले. 1964 मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमले, आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना पुण्यातच बसून काम करता येऊ लागले.

फेब्रुवारी 1966 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ने नाण्यांच्या वजनावरचा त्यांचा लेख छापला. 29 जूनला पहाटे पुण्याच्या राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय 58. अविभाज्य संख्यांवरच्या पुस्तकाचे काम ते शेवटपर्यंत करत होते. ते पुस्तक प्रसिद्ध झाले नाही.