श्रीकृष्णप्रेम वैरागी

इ. स. १९२१ मध्ये लखनौ येथे गोमतीच्या तीरी नवे विद्यापीठ सुरू झाले. त्या सुमारास इंग्रजी वाङ्मय शिकविण्यासाठी विलायतेहून एक तरुण प्राध्यापक तेथे आले. त्यांचे नाव रोनाल्ड हेन्री निक्सन. वय अवघे तेवीस वर्षांचे, विद्या केंब्रिजची, जन्म राज्यकर्त्यांच्या जातीतला आणि वेतन त्या काळाच्या मानाने भरघोस. अशा मनुष्यास लखनौत जन्मभर मानाने व सुखाने राहता आले असते. परंतु आठ-दहा वर्षांच्या आतच हे गृहस्थ मुंडन करून, कंठी घालून, हिमालयातील अल्मोडा गावी दारोदार माधुकरी मागताना लोकांनी पाहिले.

निक्सन ह्यांचा जन्म १० मे १८९८ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. पहिले महायुद्ध पेटले होते तेव्हा ते शाळकरी वयातून नुकतेच बाहेर पडत होते. १९१७ मध्ये ते वैमानिक होऊन रणांगणावर गेले. एकदा शत्रूच्या अनेक विमानांनी त्यांस आकाशात घेरले. त्या प्रसंगातून आपण निभावलो ते आपल्या कौशल्याने नव्हे, बुद्धीपलीकडील कोणा एका शक्तीने आपणांस बाहेर काढले, ही जाणीव त्यांच्या मनातून पुढे कधीच गेली नाही. युद्ध संपले; विजय त्यांच्याच पक्षाचा झाला. पण एवढा संहार कशासाठी, ह्याचे उत्तर मिळेना. अर्जुनास युद्धापूर्वी जो विषाद झाला तो ह्या तरुणास युद्धानंतर झाला, एवढाच काय तो भेद. केंब्रिजमध्ये ते वाङ्मयाबरोबर बौद्ध ग्रंथ, वेदान्त व थिऑसफी ह्यांचे वाचन करीत राहिले. जे वाचले ते जगून पाहण्यास हिंदुस्थानातच गेले पाहिजे असा त्यांचा निश्चय झाला. लखनौची नोकरी हे त्यास मिळालेले निमित्त होय.

विद्यापीठाचे पहिले कुलगुरू ज्ञानेंद्रनाथ चक्रवर्ती हे १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेस थिऑसफीचे प्रतिनिधी म्हणून गेलेले विद्वान होते. निक्सन त्यांच्याच घरी राहू लागले. चक्रवर्तींच्या पत्नी मोनिकादेवी ह्या लखनौच्या उच्चभ्रू समाजात मिसळणाऱ्या, मेजवान्यांत अग्रभागी असणाऱ्या आधुनिक वळणाच्या स्त्री म्हणून प्रसिद्ध होत्या. त्या मूळच्या गाजीपूरच्या. स्वामी विवेकानंद १८९० मध्ये तेथे राहिले असता त्यांनी लहानग्या मोनिकेचे कुमारीपूजन केले होते, असे सांगतात. ह्या बाई मेजवानी ऐन रंगात असता मधूनच दिसेनाशा होतात आणि थोड्या वेळाने परत येतात तेव्हा मुद्रेवर निराळेच तेज असते, हे निक्सन ह्यांच्या लक्षात आले. शोध घेता कळले की, त्या एकांतात जाऊन ध्यानात मग्न होत असत. ज्या गुरूच्या शोधार्थ ते समुद्र ओलांडून आले होते तो गुरू त्याच घरात, पाहुण्यांची सरबराई करीत होता! निक्सन ह्यांनी त्यांस माता मानले आणि त्यांचे शिष्यत्व पत्करले.

चक्रवर्ती कुलगुरुपदावरून निवृत्त होऊन काशीस गेले, तेव्हा निक्सन ह्यांनी लखनौची जागा सोडली व काशी हिंदू विद्यापीठात कमी वेतनावर अध्यापन स्वीकारले. १९२८ मध्ये मोनिकादेवींनी गौडीय वैष्णव परंपरेतील वैराग्यदीक्षा घेतली व त्या यशोदामाई झाल्या. लौकरच त्यांनी निक्सन ह्यांस दीक्षा देऊन श्रीकृष्णप्रेम हे नाव दिले. काशीची नोकरीही सुटली. माधुकरीचे दिवस ते हेच.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देहाला कष्ट होतील ह्या भयाने कर्म टाकणे हा राजस त्याग, व त्याचे फळ त्याग करणाऱ्यास मिळत नाही. श्रीकृष्णप्रेम ह्यांच्या त्यागाची परीक्षा ह्या कसोटीवर केली पाहिजे, कारण गलेलठ्ठ पगाराची नोकरी सोडणाऱ्याचे कौतुक जग फार लवकर करते. १९३० मध्ये गुरुशिष्यांनी अल्मोड्यापलीकडे, जागेश्वरच्या वाटेवर मिरतोला येथे डोंगरमाथ्यावर आश्रम स्थापिला. तेथे राधाकृष्णाचे मंदिर उभे राहिले. ठाकुरांची पूजा, सोवळ्याने रांधलेला नैवेद्य, आरती, कीर्तन, आल्यागेल्याचे आतिथ्य. विद्यापीठातील तासांपेक्षा हे काम कितीतरी अधिक होते आणि त्यास सुटी नव्हती. हिमालयातील थंडीत पहाटे स्नान करून चुलीपुढे बसणारा हा माणूस केंब्रिजचा पदवीधर होता. सोवळेओवळे इतके कडक पाळले जाई की, जन्माने ब्राह्मण असलेल्या पाहुण्यांनाही ते अति वाटे. एका इंग्रजाने हे सारे कशाला पाळावे, असे पुष्कळांनी विचारले. ज्या मार्गाने पूर्वीचे लोक पोहोचले तो मार्ग धरल्यावर त्यातील सोयीचे तेवढे उचलण्याचा अधिकार नवख्यास नाही, अशी त्यांची भूमिका होती. हा हट्ट नव्हता, हे पुढे दिसून आले. यशोदामाई १९४४ मध्ये निवर्तल्या व आश्रमाचा भार त्यांच्यावर आला. त्यानंतरच्या काळात त्यांनी स्वतःच बाह्य आचाराचे अनेक नियम हळूहळू सैल केले. जुन्या भक्तांपैकी काहींना ते रुचले नसावे.

ह्याच कष्टाच्या वर्षांत त्यांचा गीतेवरील इंग्रजी ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. गीतेत कर्म, भक्ती व ज्ञान असे तीन सुटे मार्ग नसून अठरा अध्याय म्हणजे एकाच वाटेवरचे क्रमाने येणारे टप्पे आहेत, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. पहिला अध्याय केवळ प्रस्तावना म्हणून ओलांडून जाणाऱ्यांशी ते सहमत नाहीत. विषाद हाही योगच आहे व तेथूनच साधकाची वाटचाल सुरू होते, असे त्यांचे म्हणणे. विमानातून खाली जळणारी भूमी ज्याने पाहिली, त्याने हा अध्याय असा वाचावा ह्यात आश्चर्य नाही.

त्यांच्या मागोमाग लखनौतूनच आणखी एक इंग्रज आले. डॉ. अलेक्झांडर हे तेथे मोठ्या सरकारी हुद्द्यावर होते. तो सोडून ते हरिदास झाले, आणि डोंगरातील गरीब रोग्यांना औषधपाणी देऊ लागले. त्यांची विद्या वाया गेली नाही, रोगी तेवढे बदलले.

श्रीकृष्णप्रेम आश्रम सोडून सहसा कोठे जात नसत. १९४८ मध्ये मात्र ते दक्षिणेत गेले व अरुणाचलास रमण महर्षींचे, पाँडिचेरीस श्रीअरविंदांचे दर्शन घेऊन परतले. ज्ञानी व भक्त एकाच ठिकाणी सुंदर मिसळले आहेत, असा महर्षींचा त्यांच्याविषयीचा अभिप्राय होता.

१४ नोव्हेंबर १९६५ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे आश्रमाची धुरा माधवाशीष ह्यांनी वाहिली. तेही ब्रिटिशच, दुसऱ्या महायुद्धात विमानांचे अभियंते म्हणून हिंदुस्थानात आलेले आणि १९४६ पासून मिरतोल्यास राहिलेले. त्यांनी डोंगरउतारावरील शेतीच्या सुधारणेत लक्ष घातले आणि त्याबद्दल १९९२ मध्ये भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली.