सत्कर्माविषयी उत्सुक: रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे चरित्र

तारण कृपेने मिळते, कर्माने नव्हे, हे आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु ह्याच सत्याचा आडोसा घेऊन कित्येक जण सत्कर्माविषयी थंड पडतात. प्रभूने स्वतःस दिले ते आपण नुसते दंडातून सुटावे एवढ्यासाठी नव्हे, तर भले करण्यास आतुर असे त्याचे लोक व्हावे म्हणून दिले, अशा अर्थाचे प्रेषित पौलाने तीतास लिहिले आहे. ही आतुरता रोजच्या जीवनात कशी दिसते, हे जालन्याच्याच भूमीवर एका पुरुषाने दाखविले. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. मुंबईस स्कॉच मिशनच्या विद्यालयात ते शिकले, आणि रॉबर्ट नेसबिट यांच्यासारख्या गुरूंच्या सहवासात त्यांस प्रभूची ओळख झाली. 1843 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्यांच्यामागून मिशनच्या आश्रयास आला. तो अजून वयात आलेला नव्हता. वडिलांनी सरकारी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलास वडिलांच्या स्वाधीन केले. त्यास पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून मुंबईत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्यास परत घेण्याच्या बाजूने खटपट केली. अशा रीतीने नारायणरावांस घर अंतरले, आणि भाऊही दुरावला.

1854 साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. इंग्रजीत त्यांचे वक्तृत्व उत्तम होते. मुंबईत राहून शिक्षकाचे व उपदेशकाचे मानाचे जीवन त्यांस सहज लाभले असते. परंतु 1862-63 च्या सुमारास ते निजामच्या राज्यातील जालन्यास आले व तेथेच त्यांनी आपले मुख्य कार्य मांडले.

त्यांचा उपदेश ऐकून जे पुढे आले, त्यांत मांग व महार समाजांतील लोक पुष्कळ होते. त्या काळच्या गावगाड्यात ह्या लोकांची स्थिती वाचकांस आपल्या वाडवडिलांच्या तोंडून ठाऊक असेल. राहणे गावकुसाबाहेर, पाणी निराळे, बहुतेकांस स्वतःची जमीन नाही, आणि पोट गावाच्या मर्जीवर. असा मनुष्य ख्रिस्ती झाला व गाव रागावले, तर संध्याकाळची भाकर बंद. उपदेशकाने त्यास केवळ धीर धरण्यास सांगावे, तर ते याकोबाच्या पत्रातील त्या मनुष्यासारखे होईल, जो उघड्या-उपाशी भावास गोड शब्द देऊन रिकाम्या हाताने वाटेस लावतो.

नारायणरावांनी तसे केले नाही. निजामचे दिवाण सर सालार जंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळविली व तेथे ख्रिस्ती लोकांचे गाव वसविले. त्यास बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले. धोंडा उशाशी घेऊन निजलेल्या निराश्रित याकोबास देव जेथे भेटला, त्या स्थळाचे हे नाव होय. ज्यांस हक्काची जागा नव्हती, त्यांस तेथे घर, शेत, शाळा व प्रार्थनामंदिर मिळाले. ज्यांची सावलीही टाळावी असे ब्राह्मण घरात शिकविले जाई, त्यांच्यातच हा ब्राह्मणपुत्र त्यांचा पाळक होऊन राहिला. व्याख्यानांनी जातिभेद निषिद्ध ठरविणे सोपे आहे. एका वस्तीत राहून वर्षानुवर्षे लोकांची सुखदुःखे वाहणे कठीण आहे.

1873 साली न्यूयॉर्क येथे इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. तेथे हिंदुस्थानच्या वतीने नारायणराव बोलले. पागोटे घातलेल्या ह्या मराठी पाळकाकडे परदेशातील लोकांचे लक्ष वेधले. परंतु तो मान त्यांस जालन्याच्या कामापासून दूर नेऊ शकला नाही. परक्या देशांत ते आपल्या लोकांची गरज मांडीत, व मदत घेऊन पुन्हा ह्याच कामास लागत. 1891 साली त्यांचे देहावसान झाले.

आता एक शंका उभी राहते. भले करण्यासाठी निराळे गावच वसवावे लागते काय? त्या वेळी उपासमार टाळण्यास ते लागले, असे आम्हांस वाटते. परंतु कुंपणाच्या आत भलेपणा कोंडून राहण्याचे भय त्यात असते, हेही विसरू नये. आज आपल्या बहुतेक मंडळ्या सर्व समाजांच्या शेजारात राहतात. तेव्हा आपली वाट अधिक मोकळी आहे आणि जबाबदारीही मोठी.

आम्हांस सालार जंगांकडे जाण्याची गरज नाही. शेजारणीचे कचेरीचे पत्र वाचून दाखविणे, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणे, सालदाराची मजुरी ठरल्या दिवशी देणे, दुष्काळात आपल्या विहिरीवर कोणासही पाणी भरू देणे, ही कामे आपल्या दाराशीच आहेत. उपदेशक बंधूंनो, मंडळीने मागण्यापूर्वी तिची अडचण आपल्यास दिसते काय? नारायणराव सांगण्याची वाट पाहत बसले नाहीत. आतुरता म्हणतात ती हीच. प्रभू ती आपल्यास देवो.