पेटीतल्या विजेचे एडिसन



एडिसन म्हटले की सर्वांना विजेचा दिवा आठवतो. पण दिव्याला तार लागते. तार जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच उजेड. पुढे अंधारच. मग गाडीत, रानात, खाणीत वीज कशी न्यायची? या एका प्रश्नासाठी एडिसन यांनी आयुष्यातली दहा वर्षे घातली. ती गोष्ट फार कोणाला माहीत नसते. गुरुजींनी आम्हाला ती विज्ञान दिनासाठी सांगितली. तीच मी आज लिहून देतो.

थॉमस अल्वा एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेत, ओहायो राज्यातील मिलान या लहान गावी झाला. वडिलांचे नाव सॅम्युअल व आईचे नाव नॅन्सी. सात भावंडांत तो शेंडेफळ. घरी त्याला अल म्हणत. पुढे हे कुटुंब पोर्ट ह्युरॉन या गावी राहायला गेले. अल शाळेत थोडेच महिने गेला. तो सारखे प्रश्न विचारी, आणि शिक्षकांना वाटे याचे डोके चालत नाही. आई स्वतः आधी शिक्षिका होती. तिने त्याला घरीच शिकवले. त्याला विज्ञानाची पुस्तके दिली. मग काय, पोराने घराच्या तळघरातच बाटल्या मांडल्या!

बारा वर्षांचा असताना तो आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉईट अशी ती गाडी होती. सामानाच्या डब्यात त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. १८६२ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याच डब्यात छापखाना ठेवून तो स्वतःचे साप्ताहिक काढू लागला. आपले भित्तिपत्रक भिंतीवर लागते, त्याचे पत्र गाडीत फिरत होते. पुढे एक दिवस फॉस्फरस सांडून डब्याला आग लागली आणि प्रयोगशाळा बंद झाली. त्याला ऐकू कमी येत असे, आणि वय वाढले तसे ते आणखी कमी झाले.

त्याच वर्षी एका स्टेशनमास्तरांचे लहान बाळ रुळावर खेळत होते आणि मालडबा जवळ आला होता. अलने उडी मारून बाळाला उचलले. स्टेशनमास्तरांनी उपकार फेडण्यासाठी त्याला तारायंत्र शिकवले. इथेच त्याची बॅटरीशी ओळख झाली. कारण त्या काळी विजेचे खांब नव्हते. तारायंत्राला वीज मिळे ती काचेच्या बरण्यांतून. बरणीत दोन धातूंच्या पट्ट्या आणि मध्ये रसायन असे. दोन धातू आणि ओले रसायन यांतून सतत वीज मिळते, हे इटलीच्या व्होल्टा यांनी १८०० साली दाखवले होते. नंतर १८५९ मध्ये फ्रान्सच्या प्लांटे यांनी शिसे व ॲसिड यांची बॅटरी केली. ती रिकामी झाली की पुन्हा भरता येते. आपल्या ट्रॅक्टरमध्ये अजून तीच जात आहे.

१८६७ मध्ये एडिसन लुईव्हिल शहरात तारायंत्रावर रात्रपाळी करत होते. एका रात्री बॅटरीवर प्रयोग करताना ॲसिड सांडले. ते जमिनीच्या फळ्यांच्या फटीतून खाली साहेबांच्या टेबलावर टपकले. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. पण बॅटरीचा नाद काही गेला नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे म्हणून मी लवकर सांगतो. १८७६ मध्ये त्यांनी मेन्लो पार्क येथे मोठी प्रयोगशाळा बांधली. १८७७ मध्ये बोलणारे यंत्र म्हणजे फोनोग्राफ केला. १८७९ मध्ये पुष्कळ तास टिकणारा दिवा केला. १८८२ मध्ये न्यूयॉर्क शहरात वीजघर सुरू करून घराघरांत तारेने वीज दिली. १८८७ मध्ये ते वेस्ट ऑरेंज येथील नव्या प्रयोगशाळेत आले. एकट्या अमेरिकेत त्यांच्या नावावर १,०९३ पेटंटे झाली.

आता खरी गोष्ट सुरू होते.

१८९६ मध्ये हेन्री फोर्ड नावाचा तरुण इंजिनिअर एका समारंभात एडिसन यांना भेटला. त्याने पेट्रोलवर चालणारी गाडी केली होती. एडिसन यांनी कानाशी हात धरून त्याचे सगळे ऐकले आणि त्याला शाबासकी दिली. त्यांना त्या गाडीतली एक गोष्ट आवडली. तिचे इंधन तिच्यासोबत होते. विजेच्या गाडीला मात्र वीजघराच्या आसपासच राहावे लागे. वीजवाल्याने पेट्रोलवाल्याची पाठ थोपटली, म्हणून फोर्ड यांना फार हुरूप आला. दोघे पुढे जन्माचे मित्र झाले.

त्या काळी अमेरिकेच्या रस्त्यांवर तीन प्रकारच्या मोटारी होत्या. वाफेच्या, पेट्रोलच्या आणि बॅटरीच्या. बॅटरीची गाडी आवाज करत नसे, धूर सोडत नसे, आणि हँडल फिरवावे लागत नसे. पण शिसे फार जड असते. ॲसिडने पट्ट्या खराब होतात. बॅटरी रिकामी राहिली तर लवकर मरते. एडिसन यांनी ठरवले की हलकी, दणकट आणि वर्षानुवर्षे टिकणारी बॅटरी करायची, आणि तीही ॲसिड न घालता.

साधारण १८९९ पासून ते कामाला लागले. १९०१ मध्ये बॅटरीची कंपनी काढली. कोणत्या धातूची जोडी जुळते हे पाहण्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी हजारो प्रयोग केले. हजारो वेळा न जमल्याची जी गोष्ट लोक दिव्याची म्हणून सांगतात, ती या बॅटरीच्या वेळची आहे असे गुरुजींनी सांगितले. शेवटी लोखंड आणि निकेल ही जोडी जुळली. ॲसिडच्या जागी पोटॅशचे पाणी आले. डबा पोलादाचा केला.

१९०३-०४ मध्ये त्या बॅटऱ्या विकायला आल्या. सगळीकडे नाव झाले. पण थोड्याच दिवसांत तक्रारी आल्या. काही डबे गळू लागले, काहींची ताकद कमी झाली. दुसरा कोणी असता तर माल विकत राहिला असता. एडिसन यांनी विक्री बंद केली आणि खराब बॅटऱ्या परत घेतल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आणखी पाच वर्षे गेली. १९०९ मध्ये नवी बॅटरी आली. ती इतकी पक्की होती की जास्त भरली तरी बिघडत नसे आणि पूर्ण रिकामी पडून राहिली तरी मरत नसे.

पण तोवर उशीर झाला होता. १९०८ मध्ये फोर्ड यांची स्वस्त पेट्रोल गाडी आली होती. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत बटणाने चालू होणारा स्टार्टर आला. हँडल मारायचा त्रास गेला आणि लोक पेट्रोलकडे वळले. आता स्टार्टरला कोणती बॅटरी लावायची? इंजिन फिरवायला एका क्षणात जोराचा करंट लागतो. एडिसन यांची बॅटरी वीज हळूहळू देई, थंडीत तर आणखीच हळू, आणि किंमतही जास्त होती. शिशाची बॅटरी मात्र एकदम जोर देते. म्हणून स्टार्टरचे काम शिशाकडेच राहिले.

मग एडिसन हरले का? मला तसे वाटत नाही. त्यांची बॅटरी माल वाहणाऱ्या विजेच्या गाड्यांत, रेल्वेच्या डब्यांत व सिग्नलला, आणि कोळशाच्या खाणीत मजुरांच्या टोपीवरच्या दिव्याला लागली. खाणीत उघड्या ज्योतीने स्फोट होतो. तिथे पेटीतल्या विजेने किती माणसांचे जीव वाचले असतील!

आणखी एका ठिकाणी ती कामाला आली, ते मला सर्वांत आवडले. १९१४ नंतर एडिसन, फोर्ड, टायरवाले फायरस्टोन आणि निसर्गावर लिहिणारे म्हातारे बरोज असे मित्र मोटारी घेऊन रानावनात राहायला जाऊ लागले. सोबत तंबू, स्वयंपाकी आणि सामानाच्या गाड्या असत. उजेडाचे काम अर्थातच एडिसन यांचे. बॅटऱ्या नेऊन ते तंबूत आणि जेवणाच्या टेबलावर विजेचे दिवे लावत. आजूबाजूला घनदाट रान, एकही खांब नाही, आणि मधोमध लख्ख उजेड! १९२१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंगसुद्धा त्यांच्या तळावर आले होते. एडिसन मात्र थकले की खुशाल झाडाखाली गवतावर झोपी जात. १९२४ पर्यंत या सहली चालल्या.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी थॉमस अल्वा एडिसन वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या सांगण्यावरून अमेरिकेत ठिकठिकाणी लोकांनी थोडा वेळ दिवे मालवले.

आता कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे, आपल्याला काय त्याचे? पण ते लोक हौसेने रानात राहत होते. आपल्या हिंगोली जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळी झाली की कितीतरी माणसे ऊसतोडीला जातात ती पोटासाठी. कारखान्याजवळ कोप्या घालून चार-पाच महिने राहतात. कोपीला मीटर नसते. रात्री विंचू-साप निघतो. आमच्या वर्गातली काही मुलेपण जातात. त्यांना चिमणीच्या उजेडात अभ्यास करावा लागतो. बाहेर पाचटाचे ढीग असतात, ठिणगी पडली तर संपलेच.

माझे काका ट्रॅक्टर घेऊन ऊस वाहायला जातात. मागे एकदा तळावरच्या लोकांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरच कोप्यांतले दिवे जोडले. रात्रभर उजेड मस्त पडला. सकाळी सेल्फ मारला तर नुसते टिक टिक! बॅटरी उतरली होती. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करेपर्यंत खेप बुडाली. खेप बुडाली म्हणजे पैसे बुडाले.

काकांना वाटले बॅटरी खराब आहे. मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले की बॅटरी चांगली आहे, काम चुकीचे दिले. ट्रॅक्टरची बॅटरी सेल्फसाठी असते. ती थोडा वेळ शेकडो अँपिअर देते आणि ट्रॅक्टर चालला की पुन्हा भरते. तिला रात्रभर थोडेथोडे पिळून रिकामे केले की तिचे आयुष्य घटते. दिव्यासाठी वेगळी बॅटरी पाहिजे. म्हणजे एडिसन यांच्या वेळी जे झाले तेच!

मग गुरुजींनी फळ्यावर हिशेब मांडला. कोपीत ५ वॅटचा एक एलईडी दिवा लावायचा. बाजारात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची छोटी शिशाची बंद बॅटरी मिळते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. ती निम्मीच वापरायची, म्हणजे जास्त टिकते. निम्मे झाले ४२. त्याला ५ ने भागले की आठ तासांहून थोडे जास्त. झाली की रात्र! दिवसा २० वॅटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हात ठेवले की ती पुन्हा भरते. वजन दोन किलोच्या आसपास. मीसुद्धा उचलतो. ट्रॅक्टरची बॅटरी मला हलतपण नाही.

लिथियमची बॅटरी याहून हलकी असते. ती जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि जास्त वर्षे जाते. पण महाग असते आणि तिला तिचाच चार्जर लागतो. तिच्या एका जातीत लिथियमसोबत लोखंड आणि फॉस्फेट असते. एडिसन यांचे लोखंड पुन्हा आलेच की!

म्हणून पेटीतली वीज घेताना पाच प्रश्न विचारावेत. काम कोणते? किती तास? वाहून कोण नेणार? पुन्हा भरायची कुठे? आणि आपल्याजवळ पैसे किती? सगळ्यांत मोठी किंवा सगळ्यांत महाग बॅटरी म्हणजे सगळ्यांत चांगली असे नसते. आणखी एक लक्षात ठेवा. ॲसिडची बॅटरी चार्ज होताना पेटणारा वायू निघतो, म्हणून बंद कोपीत चुलीजवळ चार्ज करू नये. ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

यंदा काकांनी दिव्याची बॅटरी वेगळी नेली आहे. माझी चुलत बहीण तिसरीत आहे. ती रात्री त्या उजेडात पाढे लिहिते, असे काकूने फोनवर सांगितले.

एडिसन यांच्यापासून मी हे शिकलो की जिथे तार संपते तिथेही माणसे राहतात, आणि त्यांच्यासाठी विचार करणारा शास्त्रज्ञ खरा मोठा. दहा वर्षे लागली तरी चालेल, पण काम अर्धवट विकू नये. मित्रांनो, आपणही प्रश्न विचारू, हिशेब करू आणि मग वस्तू निवडू. थोर शास्त्रज्ञ थॉमस अल्वा एडिसन यांना माझे विनम्र अभिवादन!

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी
जि. प. प्राथमिक शाळा, जि. हिंगोली