आठ तारांचा हट्ट

चर्चच्या क्वायरमध्ये मी चार वर्षं गिटार वाजवते. मे महिन्यात जसोंडीला घरी होते, तेव्हा मामाचं जुनं मँडोलिन हाती लागलं. वाटलं, गिटार येते म्हणजे हेही येईल. कसलं काय! गिटारच्या जाड बाजूच्या चार तारा ई-ए-डी-जी, आणि मँडोलिनवर तेच सूर उलटे, जी-डी-ए-ई. हाताला पाठ असलेला प्रत्येक कॉर्ड चुकत होता.

त्याहून मोठी अडचण मींडेची. मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या जोड्यांत. भक्तिगीतातला सूर ओढायला गेले, की जोडीतली एक तार जास्त ताणली जायची, दुसरी कमी, आणि सूर फाटायचा. मग गिटारच्याच तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावून पाहिल्या. षड्ज-पंचमाचा छान भरणा मिळाला, पण मींड नाही ती नाहीच. हे वाद्य आपल्या गाण्यासाठी नाहीच, असं ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात मामाने सज्जाद हुसेन ऐकवले.

सज्जाद यांचा जन्म १९१७ चा, सीतामऊचा. तेव्हा ते संस्थान होतं, आज आपल्या बुऱ्हाणपूरसारखंच मध्य प्रदेशात आहे. वडिलांनी लहानपणीच सतार शिकवली. पुढे वीणा, व्हायोलिन, बासरी, पियानो अशी वाद्यं ते शिकत गेले. १९३७ मध्ये भावाबरोबर मुंबईला आले आणि सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये महिना ३० रुपयांवर लागले.

त्यांची खरी ओळख मँडोलिनची. सतारीला रुंद पडदे असतात, तिथे तार बाजूला ओढायला जागा मिळते. मँडोलिनचे पडदे अरुंद, तारा ताठ, सूर लगेच विझतो. तरी या गृहस्थांनी त्या जोडतारांतून मींड काढली! १९५६ मध्ये कोलकात्याच्या संगीत संमेलनात त्यांनी हे वाद्य शास्त्रीय संगीतासाठी वाजवलं. सिनेमाच्या गाण्यात मध्येच झुळूक देणारं वाद्य, एवढीच तेव्हा बहुतेकांना त्याची ओळख.

संगीतकार म्हणूनही ते असेच हट्टी. १९४४ च्या ‘दोस्त’मधली नूरजहाँची गाणी गाजली. पण सगळं श्रेय गायिकेलाच दिलं गेलं म्हणून त्यांनी पुन्हा तिच्याबरोबर काम केलं नाही, असं सांगतात. ‘संगदिल’ (१९५२) मधली त्यांची एक चाल मदन मोहन यांनी ‘आखरी दाव’मध्ये जवळजवळ तशीच घेतली. ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) साठी लता मंगेशकर गायल्या. आपल्या आवडत्या संगीतकारांत त्या सज्जाद यांचं नाव घेत. एवढं असून उभ्या कारकिर्दीत त्यांचे वीस चित्रपटही भरले नाहीत. सूर तसूभर हलला तरी ते वादकाला तोडून बोलत. निर्मात्यांशीही पटत नसे.

खरं सांगायचं तर हा स्वभाव मला आवडलेला नाही. त्यांच्या समोर वाजवायला मी असते, तर पहिल्याच तालमीत रडले असते. पण वाद्याला जे जमत नाही म्हणतात, ते त्याच्याकडून करून घेणारा माणूस इतरांचं ‘चालतंय की’ कसं सहन करणार, हेही कळतं. त्याची किंमत त्यांनीच मोजली.

शेवटची वर्षं ते माहीमला राहत होते. आपण माहीमला जातो ते बुधवारच्या नोव्हेनाला. त्याच वस्तीत २१ जुलै १९९५ ला ते गेले.

मामाचं मँडोलिन मी परत दिलेलं नाही. दोन्ही तारा एका बोटाने सारख्या ओढायच्या, एवढंच रोज करते. बोटांना घट्टे पडलेत. काल पहिल्यांदा ‘सा’वरून ‘रे’पर्यंत पोचले, न फाटता.