कापरेकर मास्तरांची ‘डेमलो’ संख्या : १२९ आकडी संख्येचे अवयव कॅल्क्युलेटरशिवाय कसे सापडतात?

सोलापूर : सोलापूरहून रेल्वेने मुंबईला जाताना कल्याण मागे पडले की डोंबिवली येते. जुन्या जीआयपी रेल्वेच्या काळात या स्थानकाला डेमलो म्हणत. तिथे सुचलेल्या संख्यांना एका शाळामास्तरांनी स्थानकाचेच नाव दिले. ते मास्तर म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

डहाणूला १७ जानेवारी १९०५ रोजी त्यांचा जन्म झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे घरात आकडेमोड कायमचीच. ठाण्यातील शाळेनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये बीएस्सी झाली. पदव्युत्तर शिक्षण मात्र झाले नाही. १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे ते नाशिकजवळच्या देवळालीत शिकवत राहिले.

डेमलो म्हणजे काय?

२५५३ ही संख्या पाहा. टोकांना २ आणि ३, मध्ये त्यांची बेरीज ५, तीही दोनदा. आता टोके जोडा : २३. मधले अंक दोन, त्यात एक मिळवला की तीन, म्हणून तीन वेळा १ लिहा : १११. २३ गुणिले १११ करून बघा, उत्तर २५५३ येते. तसेच ४७७७३ म्हणजे ४३ × ११११.

यात जादू नाही. ४३ ला ११११ ने गुणताना प्रत्येक ४ खाली शेजारच्या ४३ मधला ३ येतो आणि मध्ये सगळीकडे ७ उमटतात. टोकांची बेरीज ९ च्या आत असली, म्हणजे हातचा आला नाही, की झाले. मग ४ आणि ३ च्या मध्ये १२७ वेळा ७ लिहिले तरी ही १२९ आकडी संख्या मूळ संख्या नाही, हे पाहताक्षणी कळते. ती ४३ गुणिले १२८ वेळा लिहिलेला १.

याच कुळातली देखणी संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग : १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ वेळा १ असेपर्यंत हा मनोरा टिकतो, दहाव्याला हातचा येतो आणि तो मोडतो.

‘हा तर खेळ’

प्रा. के. आर. गुंजीकर यांच्यासह डेमलोवरचा लेख १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. १९४८ मध्ये पुस्तिका निघाली, तीही देवळालीहून. पण विद्यापीठीय गणितज्ञांपैकी अनेकांना हे संशोधन किरकोळ वाटे. १९४९ च्या मद्रास गणित परिषदेत त्यांनी ६१७४ मांडला तेव्हाही चित्र फारसे बदलले नाही.

सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७ घ्या. अंक उतरते लावा, त्यातून चढते वजा करा : ७२१०−०१२७=७०८३. पुन्हा : ८७३०−०३७८=८३५२. पुन्हा : ८५३२−२३५८=६१७४. चारही अंक सारखे नसतील तर कोणतीही चार आकडी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नव्हती, म्हणून शिकवण्या चालू राहिल्या. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. दखल आली ती अमेरिकेतून, सत्तरीत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात त्यांच्यावर लिहिले. १९८६ मध्ये कापरेकर गेले.

गार्डनर यांच्याच सदरात ऑगस्ट १९७७ मध्ये आणखी एक १२९ आकडी संख्या छापून आली होती. आरएसए या सांकेतिक लिपीच्या संशोधकांनी ती आव्हान म्हणून दिली होती. तिच्यात डेमलोसारखी कोणतीही नक्षी नव्हती. तिचे दोन अवयव सापडले १९९४ मध्ये, आणि त्यासाठी सुमारे १६०० संगणक लागले.