काचपट्टीवरचे नाव



स्मरणिकेसाठी पशुवैद्यकीय सेवेतील अनुभव लिहावेत, असे संपादक मंडळाने सुचवले. माझी बहुतेक नोकरी तालुक्याच्या दवाखान्यांत गेली. संकरित गायीला सणसणीत ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, अंगावर गोचीड असे दिसले की रक्ताची काचपट्टी तपासायची आणि पुष्कळदा अहवालात ‘थायलेरियोसिस’ लिहायचे. हे नाव ज्याच्यावरून पडले, त्या अर्नोल्ड थायलरविषयीच लिहितो. आपल्या कामाचे मर्म मला त्याच्या चरित्रात सापडले.

थायलरचा जन्म 1867 साली स्वित्झर्लंडमधील फ्रिक या गावचा. पशुवैद्यक होऊन 1891 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालला गेला. तेथे एका शेतावर नोकरी करताना चारा कापण्याच्या यंत्रात त्याचा डावा हात गेला. पशुवैद्याचा हात जाणे म्हणजे काय, हे अडलेली गाय सोडवणाऱ्यालाच कळेल. त्याने धंदा सोडला नाही. 1893 मध्ये जोहान्सबर्गला देवी पसरल्या, तेव्हा त्याने लस तयार करून दिली. 1896 मध्ये बुळकांडी आली आणि सरकारने त्याला पशुवैद्य नेमले. या साथीत लाखो गुरे मेली. बऱ्या झालेल्या जनावराच्या रक्तद्रवाने निरोगी जनावराचे रक्षण होते, हे त्याने सहकाऱ्यासह दाखवले.

गुरे कमी झाली म्हणून पूर्व आफ्रिकेतून नवी आणली गेली. त्यांच्याबरोबर 1902 च्या सुमारास आणखी एक जीवघेणा ताप आला. रॉबर्ट कॉखने सुचवलेली टोचणी त्यावर चालली नाही. हा रोग जुन्या गोचीडतापाहून वेगळा आहे, हे थायलरने सिद्ध केले. तो गोचीडच पसरवतो, हे त्याच्या आणि कीटकशास्त्रज्ञ लौन्सबरीच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. औषध नव्हते. मग उपाय उरले ते कुंपण, गुरांच्या ने-आणीवर बंदी, गोचीडनाशक पाण्याच्या हौदातून गुरे पोहत नेणे, दूषित कुरण सुमारे 15 महिने गुरांविना ठेवणे आणि प्रसंगी गुरे मारणे. डोळ्यांदेखत धडधाकट दिसणारी गाय मारू देणे कोणत्या मालकाला सोपे जाईल? तरी हे नियम वर्षानुवर्षे राबवले गेले आणि 1950 च्या दशकात तो रोग दक्षिण आफ्रिकेतून संपला. थायलर मात्र 1936 मध्येच वारला होता.

1908 मध्ये त्याने प्रिटोरियाजवळ ओन्डरस्टेपोर्टची संशोधनसंस्था उभारली. 1920 मध्ये तेथे पशुवैद्यकाचे शिक्षण सुरू झाले. मुलगी गर्ट्रूड गोचिडांची तज्ज्ञ झाली. मुलगा मॅक्स याला पीतज्वराच्या संशोधनासाठी 1951 चे नोबेल मिळाले.

आपल्याकडचा थायलेरिया त्या आफ्रिकी जंतूचा भाऊबंद. आज त्यावर इंजेक्शन आहे, पण ते वेळेवर आणि महागाचे. गोठ्याच्या भिंतींच्या फटी बुजवा, विकत आणलेली गाय काही दिवस वेगळी बांधा, हे सांगणे मात्र पुष्कळांना कंटाळवाणे वाटते. गाय वाचली की मालक हात जोडतो. जी आजारीच पडली नाही, तिच्यासाठी कोणी आभार मानत नाही. आपल्यापैकी जे आता जिल्हा परिषदेत, दूध संघात किंवा शासनात निर्णय घेतात, त्यांनी या दुसऱ्या गायीसाठी पैसा आणि माणसे राखून ठेवावीत, एवढीच विनंती.