शेवटच्या रांगेतूनही दिसलं पाहिजे!

बॉक्सिंग बघायला माणसांना एवढं का आवडतं? दोन जण एकमेकांना ठोसे हाणतात आणि आपण श्वास रोखून बघतो! विठ्ठलवाडीच्या आमच्या हॉस्टेलवर टीव्हीसमोर हा वाद नेहमीचाच. कोणी म्हणतं माणूस मुळात हिंसक, कोणी म्हणतं नुसता टाइमपास. मला याचं उत्तर बॉक्सिंगच्या रिंगणात नाही, कुस्तीच्या हौद्यात सापडलं. ते देऊन गेले राजर्षी शाहू महाराज.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि १८९४ साली, विशीही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, कारभार त्यांच्या हाती आला. अंगापिंडाने धिप्पाड, कुस्तीचा भारी नाद. तालमींना त्यांनी बळ दिलं, उत्तरेकडच्या मल्लांनाही आश्रय दिला. पण पैलवान पदरी ठेवणारे राजे पुष्कळ होते. महाराजांनी विचार केला तो बघणाऱ्यांचाही!

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कोलोसियम पाहिलं. आणि ते परदेशात असतानाच, २६ जुलैला, मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत. आजवर बाहेर उभ्या असलेल्याला आत जागा करून द्यायची, हाच विचार दोन्हीकडे दिसतो.

१९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान तयार झालं. आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा रचना बघाच. मैदान वाटीसारखं, मधोमध लाल मातीचा हौदा, भोवती चढत जाणारी बैठक. मध्ये खांब नाही की छप्पर नाही. पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येत नाही. हजारो माणसं बसतात, पण कुस्ती प्रत्येकाला दिसते.

आणि दिसणं हेच तर महत्त्वाचं! पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. तिथे वशिला नाही, घराणं नाही. शेवटच्या रांगेतला शेतकरीही निकाल स्वतःच्या डोळ्यांनी तपासतो. बाहेरच्या जगात असं कुठे होतं? वेदोक्त प्रकरणात तर खुद्द छत्रपतींचं क्षत्रियत्व नाकारलं गेलं होतं. बॉक्सिंगचंही तेच. नॉकआउट झाला की वाद मिटतो. उलट १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सला पंचांनी ३-२ ने हरवलं, तो निकाल लोकांना आजही पटत नाही. आपल्याला मार बघायचा नसतो, उघड्यावर झालेला खरा निवाडा बघायचा असतो.

अर्थात बॉक्सिंगमध्ये डोक्याला बसणारा मार खोटा नसतो. मजा फक्त त्यातच वाटत असेल तर ती जुन्या रोमची मजा झाली. तिथे हरणारा कित्येकदा जिवालाही मुकायचा. महाराजांनी रोमहून आकार आणला, तो खेळ नाही आणला. खासबागेत हरलेला पैलवान माती झटकतो आणि पुढच्या मैदानात पुन्हा शड्डू ठोकतो.

जाता जाता एक गोष्ट आपल्या कामाची. १९०१ पासून महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठीही वसतिगृह निघालं. गरिबाचं पोर शहरात राहून शिकेल, ही सोय त्यांनी शंभर वर्षांपूर्वी बघितली. मेसच्या भाजीला नावं ठेवताना एवढं आठवलं तरी पुरे!

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय अवघं सत्तेचाळीस. मित्रांनो, कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचं दर्शन घ्या आणि तसेच खासबागेकडे वळा. पुढे बसायची घाई करू नका. मुद्दाम सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसा.

– तृतीय वर्ष, स्थापत्य